मोटारीची दवा

आमची मोटार सांभाळणारे मेकॅनिक चाचा वास घेतल्याशिवाय पेट्रोल टाकीत जाऊ देत नसत. पंपावरचा माणूस नळी धरून ताटकळे, मागची रांग हॉर्न वाजवी आणि चाचा तळहातावर थेंब घेऊन डोळे मिटून हुंगत. अत्तरवालेही एवढा वेळ लावत नसतील. ही सवय किल्लारीच्या भूकंपात लागली. आमच्या वडिलांची जुनी मोटार घेऊन ते आठ दिवस जखमींना लातूरला आणत होते. एकदा कुणीतरी दिलेल्या पेट्रोलच्या डब्यात निम्मं रॉकेल निघालं आणि गाडी वाटेतच बंद पडली. मागच्या सीटवर एक बाई विव्हळत होती. ती वाचली; पण चाचांनी स्वतःला माफ केलं नाही.

पुढे पंपावर बिनशिशाचं पेट्रोल आलं. जुन्या इंजिनांना शिसं लागतं, हे मला गॅरेजात चाचांनीच सांगितलं. "शिसं म्हंजे व्हॉल्वची गादी हाय, सर. गादी काढली की लोखंडावर लोखंड आदळनार, व्हॉल्व बसतो त्या सीटा खचनार." तेव्हापासून शिशाऐवजी घालायच्या औषधाची बाटली डिकीत आली. चाचा तिला दवा म्हणत. दहा लिटरला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं एक बूच भरून. तेही आधी दवा, मग पेट्रोल, म्हणजे आपोआप ढवळून निघतं. एकदा मी उलटं केलं, तर त्यांनी मला खड्ड्यांच्या रस्त्यावरून दोन फेऱ्या मारायला लावल्या. "हलू द्या. मिसळली न्हाई ती." मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. फेऱ्या मुकाट्याने मारल्या.

खरं तर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून कडक पोलादाच्या सीटा बसवल्या असत्या, तर दवेची गरजच उरली नसती. पण ते हेड नांदेडच्या त्यांच्या वस्तादांनी बंद केलेलं होतं. "वस्तादानं बंद केलेलं शागिर्दानं खोलायचं न्हाई," एवढं बोलून चाचा विषय मिटवत. दर महिन्याला ते हेड न खोलताच व्हॉल्व आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यातली फट मात्र मोजत. सीट खचली की ही फट कमी होते. ती केसभरही हलली नव्हती. "बघा, दवा लागू पडली," ते म्हणत आणि मी मान डोलावत असे.

मग गावात शिकवण्यांचं पीक आलं. गॅरेजच्या गल्लीत एकेक दुकान उठून क्लास आणि मेस झाली. मीही दोन बॅच घेत होतो, त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं. जागामालकाने चाचांनाही उठायला सांगितलं. धर्माबादला मुलीकडे जायचं ठरलं. त्यांना काळजी गाडीची. "तुमी इसरनार, सर. मी गेल्यावर दवा कोन देनार? सालभरात इंजिन बसंल." मी विसरणार, यात खोटं काहीच नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी कानाला हात लावून वस्तादांची माफी मागितली आणि कडक सीटा बसवायला हेड खोललं. मी शेजारी उभा होतो. त्यांनी आतल्या सीटा बोटाने चाचपल्या. मग सीटेच्या कडेवर कानस लावून पाहिली. कानस घसरली. सगळीकडे कडक सीटा आधीच बसवलेल्या होत्या, बहुधा ट्रकच्या इंजिनातल्या. बाजूला वस्तादांची खूण होती, पंच ठोकून उठवलेला एक ठिपका.

"म्हाताऱ्यानं कव्हाच करून ठिवलं," चाचा म्हणाले. "आन् मी इतके साल दवा पाजत बसलो."

"त्यांनी सांगितलं कसं नाही?"

"मी इचारलं कुठं?"

ते खूप हसले. मग तोंड फिरवून फडक्याने डोळे पुसले. त्या ठिपक्याशेजारी त्यांनी आपला एक ठिपका मारला आणि हेड बंद केलं. दवेची उरलेली बाटली माझ्या हाती देऊन म्हणाले, "आता हिचं काम न्हाई."

धर्माबादला ते दोन वर्षं राहिले आणि तिथेच वारले. मला त्यांची आठवण येते. पंपावर गेलं की जास्त येते.

गेल्या महिन्यात गाडी धूर टाकू लागली. नव्या मेकॅनिकने तपासून सांगितलं, हेड खोलावं लागेल. रसायनशास्त्राचा माणूस म्हणून मला त्याचं म्हणणं पूर्ण पटलं.

"दुसरं काही जमतं का बघ," मी म्हणालो. "ते चाचांनी बंद केलंय."