आमच्या घरातले काळे चौकोन

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत वेड मोजत हिंडलेला पहिला शास्त्रज्ञ मीच. दुसरा कोणी असेल तर त्यानं पुढं यावं, त्याला मी माझी सायकल बक्षीस देतो. ती सायकल इतकी हट्टी होती की उतारालासुद्धा ढकलावी लागे, आणि शेळगावची कुत्री मला सोडून तिच्यावर भुंकत.

एकोणीसशे तीसचं दशक. कालव्याच्या पाण्यावर ऊस नव्यानं माजला होता. पुण्याहून मी बी.एस्सी. होऊन आलो, तर आमच्या बारामतीत त्या पदवीचा उपयोग फक्त लग्नपत्रिकेत. तेवढ्यात पुण्यातल्या एका बड्या डॉक्टरांनी मला मदतनीस म्हणून उचललं. विलायतेला शिकलेले, वेड्यांवर उपचार करणारे. वेड रक्तातून उतरतं का, एवढा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात. त्यावर ग्रंथ लिहायचा होता, आणि त्यासाठी त्यांना खेड्यांतले वंशवृक्ष हवे होते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि ज्याचं डोकं फिरलेलं त्याचा चौकोन शाईनं काळा भरायचा.

शेळगावच्या पारावर मी पहिल्यांदा विचारलं, तुमच्या घरात कुणी वेडं होऊन गेलं का? एक म्हातारा म्हणाला, "आमच्यात न्हाय. शेजारी इचारा, त्येंच्यात समदीच." शेजाऱ्यानं पुढच्या घराकडं बोट दाखवलं, पुढच्यानं त्याच्याही पुढं. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव वेडं ठरलं आणि माझ्या कागदावर एकही चौकोन काळा झाला नाही. बरोबरच होतं. प्रत्येक घरात लग्नाची पोर होती.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी स्वतःच्या घरचं सांगा. मग लोक बोलतात."

"आमच्या घरी तसं कुणी नाही. सगळे मोठ्यानं बोलतात, तेवढंच."

"मग तयार करा. शास्त्राचं काम आहे."

हे असं काम, आणि माझ्यासारख्या माणसाला. पळसदेवच्या पारावर मी एक चुलत आजोबा जन्माला घातले, जे भीमेच्या धारेत नांगर धरत आणि पीक बुडालं म्हणून नदीवर दावा लावायला निघत. नरसिंहपुरात संगमावर बसून एक आत्या रचली, जी कावळ्यांचे खटले चालवायची, आणि हरलेला कावळा पुन्हा त्या गावात दिसत नसे. शेळगावात एक काका झाले, ज्यांनी कालव्याला उलटं वाहायचा हुकूम दिला होता. हे सांगत होतो तेव्हा एकजण गंभीरपणे म्हणाला, "व्हय, मागल्या साली आमच्या रानाला पानी आलंच न्हवतं." गावागणिक माझं घराणं वाढत गेलं.

पण लोक बोलू लागले. हसून हसून दमले की एखादी बाई पदर तोंडाशी धरून म्हणायची, "आमचा थोरला बी तसाच हाय. गोठ्यात बांदून ठिवलाय, सायेब." मग मी हसत नसे. हळूच एक चौकोन काळा करी.

पुण्याला गेलो की ही सगळी मंडळी मी डॉक्टरांना अभिनयासह ऐकवायचो. कावळ्यांच्या आत्याला ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"ही मात्र वंशवृक्षात घालू नका," मी म्हणालो.

"वेडे आहात का?" ते म्हणाले.

त्याच सुमारास माझ्या बहिणीला बारामतीतलंच स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. बघायच्या कार्यक्रमात त्यानं तिला विचारलं, तुम्हाला काय आवडतं? आमची ही बया सगळ्यांसमोर म्हणाली, "भांडायला." तो खदखदून हसला. दुसऱ्या दिवशी होकार आला. त्या आठवड्यात ती घरात ज्या आवाजात गात होती, त्यानं बाजारातले बैल बुजले असं लोक अजून सांगतात. लोक म्हणजे मी.

मुलाचे चुलते शेळगावचे ऊसवाले. सगळे त्यांना तात्या म्हणत. पारावरच्या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचल्या आणि ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. "तुमच्यात लई वेडी झाली म्हनं."

मी सगळी हकिकत सांगितली. ते नीट ऐकत होते. म्हणाले, "आसंल. पर ह्ये तुमच्या तोंडून नगं. तुमच्या डाक्टरांनी येऊन सांगावं. त्यांनी सांगितलं तर आमी मानतो, मग सुपारी फोडू."

मला एवढा आनंद झाला की तिथंच सुपारी मागवणार होतो. डॉक्टरांना सगळं ठाऊक होतं. सांगायचं एकच वाक्य होतं.

ते आले. मी स्टेशनावर घ्यायला गेलो, बॅग मीच उचलली. बैठकीत मुलाकडची माणसं, आमचे वडील, आतल्या दाराशी बहीण. तात्यांनी विचारलं, "ह्येंच्यातली ती वेडी मानसं खरी का खोटी, सायेब?"

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "पोरगा हुशार आहे," ते म्हणाले. "पण त्याच्या घराण्याचं म्हणाल, तर माझ्या ग्रंथातला तो सर्वांत पूर्ण वंशवृक्ष आहे."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसलोसुद्धा. ते हसले नाहीत.

तेव्हा कळलं. खऱ्या घरांतून इकडून एक चौकोन, तिकडून एक वर्तुळ, असे तुकडेच मिळाले होते. भरगच्च घराणं एकच होतं, माझं, आणि त्यावरच त्यांनी सगळा सिद्धांत उभा केला होता.

"डॉक्टर, ती माणसं मी रचली. तुमच्याच सांगण्यावरून. कावळ्यांच्या आत्याला तुम्ही हसला होता."

ते तात्यांकडं वळले, अगदी प्रेमानं. "असं नाकारणं, हेही अशा घरांत आढळतं."

तात्यांनी उपरणं खांद्यावर घेतलं. मास्तरानं एकदा दाराकडं पाहिलं आणि चुलत्यांच्या मागं उठला.

मग मी ओरडलो. आमच्या घरात ओरडणं म्हणजे दोन गल्ल्या ऐकतात. मी कप फोडला, बॅग अंगणात फेकली, विलायतेपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. डॉक्टर जागचे हलले नाहीत. त्यांनी शांतपणे खिशातून पेन काढलं. बहीण बाहेर आली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "दादा, हळू बोल. ते लिहून घेताहेत."

ग्रंथ छापून आला. कावळ्यांच्या आत्याचं वर्तुळ काळंभोर, काकांचा चौकोन तसाच. त्यांच्याखाली माझा, 'प्रत्यक्ष अवलोकन' असा शेरा मारून. त्या कागदावर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला वेडा मी एकटाच. माझ्या शेजारी बहिणीचं वर्तुळ, पांढरं, आत प्रश्नचिन्ह. ते काम मी त्या बैठकीच्याच दिवशी सोडलं होतं.

पळसदेवचा तो पार आता उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. बहिणीला पुढं स्थळ मिळालं, लांबचं, जिथं आमच्या गोष्टी पोचल्या नव्हत्या. माणसं चांगली होती. मी भाऊबीजेला जायचो आणि नेहमीसारखा अंगणातूनच हाक मारायचो. ती धावत यायची, ओठांवर बोट ठेवून. त्या घरात मोठ्यानं बोललेली ती मला कधी ऐकू आली नाही.