शेवटच्या रांगेतली ओ

समुद्रावरच्या त्या सभागृहात परिषद दातांच्या डॉक्टरांची असो की फरशी बनवणाऱ्यांची, माईकचं काम साउंडवाल्या काकांचंच. सव्वीस वर्षं. खाऱ्या हवेनं तारा कुजतात, म्हणून ते दर सोमवारी सगळ्या जोडण्या पुसून घ्यायचे. "एवढी भाषणं ऐकली," म्हणायचे, "पण शहाणा काही झालो नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठला ते मंचावरून विचारायचे, "हॅलो, मागे ऐकू येतंय का?" समोर बाराशे रिकाम्या खुर्च्या.

एका सकाळी शेवटच्या रांगेतून कुणीतरी ओ दिली, "येतंय."

झाडूवाले मामा असतील, असं काकांना वाटलं. पण मामा बाहेर पायऱ्या धूत होते, आणि मागची दारं बाहेरून बंद होती. पुढच्या परिषदेला पुन्हा तेच. मॅनेजर हसले. "काका, जुन्या भिंती आहेत, आवाज घुमतो."

"साहेब, भिंत माझा प्रश्न परत देईल. उत्तर कुठून देईल?"

तिसऱ्या वेळी काकांनी फोनवर रेकॉर्ड केलं आणि घरी बायकोला ऐकवलं. तिनं शिलाई मशीन थांबवलं.

"अहो, काय चेष्टा लावलीय? दोन्ही आवाज तुमचेच."

"मी तर मंचावर होतो."

तिनं फोन कानाशी धरून पुन्हा ऐकलं. मग हळूच म्हणाली, "मागचा जरा दमलेला वाटतो." त्या दिवशी तिनं मशीनला परत हात लावला नाही.

पुढच्या परिषदेच्या सकाळी काकांनी ठरवलं, आज विचारायचंच नाही. माईक सुरू करून ते तोंड मिटून उभे राहिले. काचांपलीकडे लख्ख ऊन होतं, लाटांचा आवाज येत होता. मिनिटभर काहीच झालं नाही.

मग मागून, माईकशिवाय, त्यांच्याच आवाजात प्रश्न आला. "पुढे ऐकू येतंय का?"

"येतंय," काकांच्या तोंडून निघून गेलं.

माणूस उठला की तिथल्या खुर्चीची बैठक आपोआप मिटते. शेवटच्या रांगेत तशी एक बैठक खाट्कन मिटली. काका बाजूच्या दारानं बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. दुपारी त्यांनी बाहेरच्या बाकावर बसून राजीनामा लिहिला.

आता ते एका हॉटेलातल्या तीस खुर्च्यांच्या दालनात काम करतात. सभागृहातल्या नव्या साउंडवाल्याला कधी काही ऐकू आलेलं नाही.

घरी मात्र बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली, तर काका जागेवरून ओ देत नाहीत. हातातलं ठेवून उठतात, तिच्यासमोर जाऊन उभे राहतात, आणि तिनं वर पाहिल्यावरच बोलतात. ती याला हसत नाही. तीही आधी त्यांच्या ओठांकडे बघते.