पार्सलताईच्या चेहऱ्याबद्दल आभार

फडताळाचा वरचा खण रिकामा झाला होता, खालचे दोन अजून तुडुंब होते. साखर, मीठ, चहापत्ती असे सगळे डबे जमिनीवर ओळीने उभे, ओलं फडकं खांद्यावर, आणि खणात घालायचा नवा कागद कापता कापता कात्री नेमकी मध्यावर आली, तेव्हा दाराची बेल वाजली.

"उघडंच आहे!" पार्सलताईने आतूनच हाळी दिली.

शिवणवाली आत आली. काखेत आभारवही.

पार्सलताईला खरं नाव आहे, पण ते पगारपत्रकापुरतं. मोठ्या पोस्टात पार्सलच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं काढल्यावर सगळ्या रस्त्याने तिला हेच नाव दिलं, आणि तिनेही ते आनंदाने लावून घेतलं. शिवणवाली तीन घरं सोडून तळमजल्यावर शाळांचे गणवेश शिवते. दोघींची मैत्री तीस वर्षांची. दर रविवारी सकाळी दहाला रस्त्याच्या टोकाच्या सभागृहात बायकांची प्रार्थना असते, तिथेही दोघी शेजारी शेजारीच बसतात.

"सांभाळून ये, डबे ओलांडावे लागतील."

"तू ओलांड बाई. तुझं वय उलटं चाललंय, माझं नाही." शिवणवालीने वही टेबलावर ठेवली आणि मान वाकडी करून मैत्रिणीकडे पाहत राहिली. "रोज बघते तरी सवय होत नाही. काय गं ते तेज!"

"चहा टाकू?"

"नको. आमच्या ह्यांची कूस बदलायची वेळ झाली. माझं लिहून झालंय. उद्या वाचताना नीट वाच, घाईत गिळून टाकू नकोस."

आणि ती आली तशी गेली.

आभारवहीची रीत अशी. वही आठवडाभर घरोघर फिरते. ज्याला ज्या गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे असतील, त्याने त्या लिहायच्या. शनिवारी वही पार्सलताईकडे येते, कारण तिचा आवाज खणखणीत आहे. खिडकीच्या काचेपलीकडे ऐकू जायला तसाच लागतो. रविवारी तिने उभं राहून सगळ्या नोंदी मोठ्याने वाचायच्या. नियम दोनच, आणि दोन्ही प्रार्थना चालवणाऱ्या मास्तरीणबाईंनी घातलेले: लिहिलेलं खोडायचं नाही, आणि वाचताना काही गाळायचं नाही.

पार्सलताईने हात पुसले आणि वही उघडली. शिवणवालीचं अक्षर तिच्या टिपेसारखं, सरळ आणि दाबून काढलेलं.

"माझ्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावर तू जे तेज दिलंस त्याबद्दल आभार. तीन आठवडे एकांतात राहून तिने केलेली प्रार्थना तू ऐकलीस. मीसुद्धा महिनाभर पहाटे चारला उठून तुझ्यापुढे बसते आहे. माझं काय चुकतं, तेवढं कळू दे."

पार्सलताई डब्यांच्या रांगेत मटकन खाली बसली.

तेज वगैरे काही नव्हतं. पार्सलताईने पापण्यांचं ऑपरेशन करून घेतलं होतं.

त्यामागची गोष्ट सरळ होती. तिच्या वरच्या पापण्या चाळिशीतच ओघळल्या आणि डोळ्यांखाली पिशव्या आल्या. स्वभाव खळखळून हसणारा, पण चेहरा सदा सुतकी. खिडकीवर येणारा प्रत्येक माणूस पार्सल तोलायच्या आधी विचारी, "ताई, घरी सगळं ठीक ना?" कुणी म्हणे, "रडलात का?" एकदा तर दूरच्या नात्यातलं कुणी वारलं, तिथे ही भेटायला गेली, तर लोक त्या बिचाऱ्या विधवेला सोडून हिचाच हात हातात घेऊ लागले. एका म्हाताऱ्याने हिला पाणी आणून दिलं. शेवटी विधवेनेच हिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "सावरा स्वतःला." त्या दिवशी घरी येऊन पार्सलताई आधी पोट धरून हसली, मग आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. चोपन्न वर्षांच्या बाईला दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा घेऊन किती दिवस हिंडायचं? तिने देवाला विचारलं, बहिणीला फोन केला, पोस्टातून रजा घेतली आणि बहिणीच्या गावी गेली.

जाताना मैत्रिणींना सांगितलं, "बहिणीकडे जाते, जरा शांत राहायचंय." हे खरंच होतं. सहाव्या दिवशी टाके निघाले, डोळे आधी वांग्यासारखे झाले, मग पिवळे पडले, मग निवळले. प्रार्थनाही तिने केली. ऑपरेशनच्या सकाळी एकच मागणं मागितलं: डॉक्टरच्या हाताला स्थिरता दे.

परत आल्यावरच्या पहिल्याच रविवारी मास्तरीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बघा, एकांताचं फळ." अठराच्या अठरा माना डोलल्या. पार्सलताईच्या तोंडात तेव्हा बिस्किट होतं. ते गिळेपर्यंत विषय पुढे सरकला होता, आणि तिलाही वाटलं, बरंच झालं. पोटाचं ऑपरेशन झालं असतं तर मी काय टाके दाखवत फिरले असते? माझी गोष्ट माझ्यापाशी.

पण आता ती तिच्यापाशी राहिली नव्हती. आता ती वहीत चढली होती.

नवरा घरी आला तो डब्यांची वाट काढत. तो लोकांना मोटार चालवायला शिकवतो, त्यामुळे कितीही अडथळे आले तरी न ओरडण्याची त्याला सवय आहे.

"हे काय, आपण घर बदलतोय का?"

तिने वही पुढे केली. त्याने उभ्यानेच वाचलं.

"ही नोंद सोडून पुढची वाच."

"गाळता येत नाही."

"मग तिथे खोकला येऊ दे."

"देवापुढे उभी राहून खोटं खोकू?"

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "सांगितलंस तर सहा महिने तुझ्या पापण्यांशिवाय दुसरा विषय नाही. तयारी आहे?"

"बोलू देत की. चांगल्याच झाल्यात पापण्या." ती हसली, आणि हसू लगेच मावळलं. "मला लाज नाही वाटत रे. पण हिला वाटतंय, देव माझं ऐकतो आणि तिच्याकडे पाठ फिरवून बसतो. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करते ती. तिने कशाला स्वतःत खोट शोधायची? आणि माझ्या एका बिस्किटापायी?"

"मग सभागृहात नको," नवरा म्हणाला. "आधी तिला सांग. एकटीला."

"तेच ठरवत होते," असं म्हणून ती उठली आणि कागदाचा उरलेला अर्धा भाग कापू लागली.

रविवारी नऊला ती शिवणवालीच्या दारात हजर. खोलीत निळ्या बाह्यांचा ढीग, कॉलरचा वेगळा ढीग, मशीन चालू, आणि आतल्या खोलीत नवऱ्याचा रेडिओ चालू.

"एक सांगायचंय. मशीन थांबव."

"मला ऐकू येतं. बोल तू."

"माझ्या चेहऱ्याचं जे झालंय ते प्रार्थनेने नाही झालं. मी पापण्यांचं ऑपरेशन केलं. वरची जास्तीची कातडी काढली, खालच्या पिशव्या काढल्या."

मशीन थांबलं.

"कुणी काढल्या?"

"डॉक्टरने. देवाने काढल्या असत्या तर टाके पडले नसते."

शिवणवालीने नाकावरचा चष्मा वर ढकलला, उठून आली आणि मैत्रिणीची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. "मीट डोळे." पार्सलताईने मिटले. बोटाचं टोक पापणीच्या घडीवरून अलगद फिरलं. एकीकडून, मग दुसरीकडून.

"टीप बारीक आहे," शिवणवाली म्हणाली. "दोन्हीकडे सारखी आलीय. हात चांगला आहे त्याचा."

आणि मग तिचा आवाज एकदम चढला. "महिनाभर! महिनाभर चारला उठतेय मी! तू समोर बसून बिस्किटं खात होतीस आणि मी इथे देवाला विचारतेय, माझं काय चुकलं म्हणून!"

"मला कालच कळलं."

"कळायला वहीच लागते तुला? माझं तोंड दिसत नाही?"

"नाही दिसलं," पार्सलताई म्हणाली. "माझ्याच तोंडात गुंतले होते. चुकलं माझं."

"आणि हे कातडी कापून घ्यायचं? त्याचं काही वाटत नाही?"

"वाटतं ना. छान वाटतं. परवा एक माणूस पार्सल घेऊन आला, नुसता पत्ता विचारला आणि गेला. घरचं काही विचारलं नाही. मी चुकले ते गप्प बसले तिथे, बाकी कुठे नाही."

आतून नवऱ्याने काहीतरी म्हटलं. शिवणवाली जाऊन त्याची उशी सारखी करून आली. परत आली तेव्हा आवाज खाली उतरला होता.

"खोडून टाक माझं लिहिलेलं."

"खोडता येत नाही."

"मग माझं हसं होणार आज."

"तुझं नाही होऊ देणार. मी सगळं वाचीन, आणि त्याच्याखाली माझी नोंद वाचीन. पण शेवटची ओळ तुझी आहे. ती वाचू का, ते तू सांग. नको म्हणालीस तर नियम मोडीन आणि मास्तरीणबाईंना मी तोंड देईन."

शिवणवालीने एक बाही उचलली, तिचा दोरा तोडला, परत ढिगावर टाकली.

"वाच," ती म्हणाली. "तिथे अठराजणी ऐकतात हे मला लिहिताना ठाऊक होतं."

दहाला पार्सलताई सभागृहात वही घेऊन उभी राहिली. कुणाच्या मुलीला नोकरी लागली होती, कुणाचा हरवलेला किल्ल्यांचा जुडगा सापडला होता, कुणाच्या गुडघ्याला आराम पडला होता. मग शिवणवालीची नोंद आली. ती तिने शब्द न गिळता वाचली. "माझं काय चुकतं, तेवढं कळू दे" ही ओळही तिने गाळली नाही. आणि श्वास घेऊन तिने खालची, सकाळीच लिहिलेली ओळ वाचली.

"सात आठवड्यांपूर्वी माझ्या पापण्यांचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या हाताला तू स्थिरता दिलीस त्याबद्दल आभार, माझ्या चेहऱ्यावर दिसतं ते त्या हाताचं काम आहे, माझ्या एकांताचं फळ नाही, आणि माझ्या मैत्रिणीचं काहीही चुकलेलं नाही, चुकलं ते माझं, कारण मी वेळेवर बोलले नाही."

कुणाची तरी खुर्ची करकरली. अठराजणींनी एकदम तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि पार्सलताईने ते सगळं पाहणं, खिडकीवरची लांबलचक रांग निवांत बघावी तसं, उभ्याने घेतलं.

मास्तरीणबाईंनी घसा साफ केला. "वाक्य फार लांब आहे," त्या म्हणाल्या. "पुढची नोंद."

चहाच्या वेळी मात्र तिच्याभोवती कोंडाळं झालं. बेकरीवालीने विषयाला आधी हात घातला. "झोपेत पूर्ण मिटतात ना गं? मिटून दाखव बघू." पार्सलताईने मिटून दाखवले. मागच्या रांगेतल्या दोघींना दिसलं नाही म्हणून परत मिटून दाखवले. कुणी दुखण्याचं विचारलं, कुणी टाक्यांचं. एकीने नाक मुरडलंच. "देवाने दिलेलं आपण बदलायचं कशाला म्हणते मी."

"मी विचारलं होतं त्याला," पार्सलताई म्हणाली. "नाही म्हणाला नाही."

"हो तरी म्हणाला का?"

"तुला कधी म्हणालाय?"

बेकरीवालीला चहाचा ठसका लागला. तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या आणि कोंडाळं पांगलं.

"मी फळ म्हणाले तेव्हाच बोलायचं होतंस. मला तोंडघशी पाडलंस."

"तोंडात बिस्किट होतं, बाई."

"मग यापुढे आधी बोलायचं, नंतर खायचं," असं म्हणून त्यांनी वही तिच्या हातून घेतली, ती लांब ओळ मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचली आणि वही बेकरीवालीकडे पुढच्या आठवड्यासाठी दिली.

शिवणवाली या सगळ्यात नव्हती. ती दाराजवळ उभी राहून चहा प्यायली आणि कप ठेवून निघाली. पार्सलताईने तिला रस्त्यात गाठलं. शिवणवाली दोन पावलं पुढेच चालत राहिली.

"मी रागावलेय अजून."

"राहा की."

"किती दिवस ते सांगणार नाही."

"नको सांगू. शेवटचं सलग कधी झोपलीस ते सांग."

शिवणवालीचा वेग कमी झाला. "ते पडले त्याच्या आदल्या रात्री," ती म्हणाली. "दर दोन तासांनी कूस बदलावी लागते."

"खिडकी चारला बंद होते. उद्यापासून साडेचार ते सात मी त्यांच्यापाशी बसेन. तू माझ्या घरी जाऊन झोप."

"रेडिओ मोठा लागतो त्यांना."

"लागू दे."

"कूस बदलताना आधी उजवा खांदा. ओढायचं नाही, सरकवायचं."

"दाखव एकदा, जमेल."

"आणि पहाटे चारला उठायचं की नाही ते माझं मी आणि देव बघून घेऊ. त्यात पडू नकोस."

"नाही पडत."

आता दोघी शेजारी चालत होत्या. दारापाशी शिवणवाली थांबली, किल्ली शोधता शोधता म्हणाली, "येताना त्यांच्या पाठीला लावायची पावडर आण. संपत आलीय. निळा डबा. पांढरा आणलास तर दारातून परत पाठवीन."

सोमवारी चार वाजता पार्सलताईने खिडकीची काच खाली ओढली, वजनकाटा झाकला आणि औषधाच्या दुकानाकडे निघाली, निळ्या डब्यातली पाठीची पावडर आणायला.