हिरव्या ब्लाउजपिसांचा क्लब

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चेंडूत हवा भरणं. दर शनिवारी संध्याकाळी भरायचो, तशीच त्याही शनिवारी. पोरींच्या फुटबॉल क्लबाचा चेंडू आमच्याच घरी राहतो, तांदळाच्या कोठीवर. ती ओसरीत बसून पंपाची सुई थुंकी लावून चेंडूत घालायची अन् धरून ठेवायची. मी उभ्यानं पंप मारायचो. मग ती अंगठ्यानं चेंडू दाबून पाहायची अन् म्हणायची, "अजून दोन." नेहमी दोनच. चेंडू दगडासारखा झाला तरी अजून दोन.

त्या दिवशी कापडवाल्या शेठजींचा मुलगा क्लबाची स्मरणिका देऊन गेला होता. शेठजी आता नाहीत, पण पहिल्या पानभर हार घालून बसले आहेत. मी चौथी शिकलो, वाचायला वेळ लागतो, तरी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'शेठजींच्या दूरदृष्टीतून क्लबाची स्थापना झाली,' असं होतं.

ती म्हणाली, "दुरूनच पाहत होते बिचारे. मैदानात कधी पाय नाही टाकला."

तिचं नाव कुठेच नव्हतं. शेवटच्या पानावर आभार होते, त्यात मंडपवाल्याच्या खाली 'शाळेतील एक महिला कर्मचारी' एवढं सापडलं. मला राग आला. तिला हसू आलं. हसता हसता चेंडू फिरवून तिनं एका जागी बोट ठेवलं.

"इथं टाका उसवून राहिला. माह्या डोळ्यानं आता होत नाही. तुमी शिवाल, का अजून गावात तोंड दाखवाचं हाये तुमाले?"

मी म्हटलं, "सकाळी शिवतो."

हा टोमणा चाळीस वर्षांचा जुना आहे. स्मरणिकेत तो नाही, म्हणून मला लिहावा लागून राहिला.

एकोणीसशे ऐंशीच्या पुढची ती वर्षं. ती पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत चपराशीण होती, मी कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर बारदान शिवायचो. शाळेत बाहेरगावच्या एक खेळाच्या बाई आल्या. त्यांनी पोरींना फुटबॉल शिकवला अन् वर्षाच्या आत बदली होऊन गेल्या. मागे राहिला एक चेंडू, एक शिट्टी अन् अकरा-बारा बिघडलेल्या पोरी. मोठ्या बाईंनी हुकूम दिला, चेंडू खोलीत ठेवा, कुलूप लावा. हिनं कुलूप लावलं. चावी हिच्याच कमरेला होती. लावायचं सांगितलं होतं, उघडायची मनाई कोणी केली नव्हती, असं ती म्हणायची.

शाळा सुटली की पोरी बैलबाजाराच्या मैदानावर जायच्या. आधी सगळ्या मिळून शेण उचलायच्या, मग खेळायच्या. बैल बांधायचे खुंटे, तेच गोल. हिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ही नुसती शिट्टी वाजवायची अन् पडलेल्या पोरीला म्हणायची, "ऊठ वो, काही नाही झालं." एवढ्यावर क्लब उभा राहिला. स्मरणिकेत याला 'शास्त्रशुद्ध प्रशिक्षण' म्हटलं आहे.

गावाला फार काळजी पडली. पोरींना लागेल, हातपाय मोडतील, मग लग्नं कशी होतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवर उभं राहून दगडांनी एकमेकांची डोकी फोडणारं आमचं गाव, त्याला एका हवेच्या चेंडूची भीती वाटली.

मग पोरी सौंसरला सामने खेळायला गेल्या अन् जिंकून आल्या. शाळेच्या कुर्त्यांवर ओढण्या कमरेला बांधून खेळल्या होत्या. आता गावाची पंचाईत झाली. जिंकून आलेल्या पोरांचा सत्कार कसा करायचा ते ठाऊक होतं. पोरींचा कसा करतात, कोणी पाहिला होता? शेठजींचं कापडाचं दुकान. त्यांनी सभा घेतली, डोकं खाजवलं अन् ठरवलं की बाईमाणसाचा मान म्हणजे ओटी. शेठजींच्या बायकोनं स्टेजवर पोरींच्या रांगेनं ओट्या भरल्या. तांदूळ, नारळ अन् ब्लाउजपीस. पोरींना पदर कुठला? कोणी ओढणी पसरली, कोणी कुर्त्याचा घोळ धरला. गोलकीपर पोरीनं वरून आलेला नारळ दोन्ही हातांनी झेलला अन् सवयीनं छातीशी धरून खाली बसली. तेवढ्याच टाळ्या खऱ्या पडल्या.

ब्लाउजपिसं सगळी एका रंगाची, कच्च्या संत्र्यासारखी हिरवी. दुकानात त्या कापडाचा अख्खा थान दोन दिवाळ्या पडून होता, कोणी घेत नव्हतं. हिनं पोरींकडून सगळी पिसं गोळा केली अन् त्यांचे खेळायचे सदरे शिवले. एका पिसात बाह्या बसेनात, तर माझं धोतर फाडलं. जुनं नाही, लग्नाला जायचं. स्मरणिकेत लिहिलं आहे, 'हिरवा रंग म्हणजे आमच्या संत्र्याच्या बागा, शुभ्र बाह्या म्हणजे आमचा कापूस, ही शेठजींचीच कल्पना.' बागा म्हणजे शेठजींचा न खपलेला थान, अन् कापूस म्हणजे माझं धोतर. ते ऐकताना ही पोट धरून हसली होती.

आता माझं सांगतो. दुसऱ्यांना नावं ठेवून झाली.

पुढल्या वर्षी पुन्हा सौंसरला अंतिम सामना होता. छिंदवाड्याच्या पोरींशी. बूट घालून खेळणाऱ्या त्या. दोन्हीकडून एकेक चेंडू मागितला होता, अन् चेंडू नसेल तर येऊ नका असा निरोप होता. आदल्या दिवशी आमच्या चेंडूची शिवण बोटभर उसवली, आतला रबरी ब्लॅडर बाहेर डोकावू लागला. ती चेंडू घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. गाठी शिवणारा माणूस घरात असताना दुसरीकडे कुठं जाणार?

त्याच दिवशी जिनिंगमध्ये हमालांनी मला विचारलं होतं, "काहो, बायको मैदानात शिट्टी वाजवते, घरी कोण वाजवते?" सगळे हसले. मीही हसलो, ते जास्त झोंबलं. तो राग मी घरी आणला.

मी म्हटलं, "माझ्याच्यानं होत नाही. मले गावात तोंड दाखवाचं हाये."

ती म्हणाली, "दाभण तरी द्या."

"जिनिंगमध्ये राहिलं."

दाभण माझ्या टोपीत खोचलेलं होतं. तिनं हात वर करून ते काढून घेतलं. कंदिलाशी बसून शिवायला लागली. ब्लॅडरला टोचू नये म्हणून चामड्याच्या आत डावा अंगठा घातला. प्रत्येक टाक्याला दाभण आधी अंगठ्याला लागत होतं. मी खाटेवर बसून पाहत होतो. हात पुढे केला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

सकाळी अंगठ्याला चिंधी बांधून ती पोरींना घेऊन सौंसरच्या गाडीत बसली. पोरी एका गोलानं जिंकल्या. टाका सुटला नाही. पुढं क्लब पार भोपाळपर्यंत खेळला, किती पोरी पोलिसात लागल्या, किती रेल्वेत. ज्यांना लग्नाची काळजी होती ते आता त्या जावयांची ओळख सांगतात.

तिच्या अंगठ्याचं नख मात्र पुढं दुभंगलेलंच आलं. त्याच अंगठ्यानं ती चेंडू दाबायची. मी हवा भरायला लागलो, लाज वाटून म्हणा. पण शिवायला तिनं मला पुन्हा कधी सांगितलं नाही, अन् मीही कधी चेंडू मागितला नाही. चाळीस वर्षं तिनंच शिवला. त्या शनिवारी पहिल्यांदा म्हणाली, शिवाल का.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो तर ती गेलेली होती. कपाळ थंड होतं. शेजाऱ्याला हाक मारली. घंटाभरात ओसरी भरली, बाहेर माणसं बांबू तासू लागली. तेवढ्यात सहा-सात पोरी आल्या, रविवारच्या खेळासाठी चेंडू न्यायला. त्यांना ठाऊक नव्हतं. दारातच उभ्या राहिल्या.

मी कोठीवरून चेंडू काढला, थोडी हवा सोडली, टोपीतलं दाभण काढलं अन् सगळ्या गावासमोर ओसरीत बसलो. बायका कुजबुजल्या की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी आत अंगठा घातला. चार टाके होते. चारही वेळा लागलं.

दाबून पाहिलं तर हवा कमी होती. सुई धरायला कोणी नव्हतं. शेठजींचा मुलगा पांढरा सदरा घालून समोर उभा होता, खिशात भाषणाचा कागद दिसत होता. त्याला म्हटलं, "ये, बस खाली. धर हे."

तो बसला. सुई तशीच घालायला लागला.

"थुंकी लाव आधी," मी म्हटलं.

त्यानं लावली. मी पंप मारला, दाबून पाहिलं, अन् अजून दोन मारले.