दादानं उघडलेलं कार्ड

मी घरी बसून बिल्डरांसाठी घरांची थ्रीडी चित्रं करायचे. ज्या कॉम्प्युटरवर हे काम चालायचं तो माझ्या मोठ्या भावानं स्वतः जोडून दिला होता. महाल भागातल्या एका दुकानात तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. गेल्या हिवाळ्यात त्याला लकवा मारला. पाय सावरला, जीभही बऱ्यापैकी सुटली. उजवा हात मात्र तसाच राहिला. दुकानवाल्यानं काही दिवस वाट पाहिली आणि दुसरा माणूस ठेवला. तेव्हापासून दादा घरीच, दिवसभर पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

मे महिन्यात माझा कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला. स्क्रीनच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसायचं. चित्र बनवायला लावलं की आकडा नव्वदच्या पुढे जायचा, पंखे किंचाळायचे आणि सगळं काळं व्हायचं.

एका दुपारी दादा उठून माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"काहून वं, बंद पडून राहिला का?"

"लय गरम होऊन राहिला."

"पेस्ट वाळली असन आतली. खोलून पाहू. मी करतो."

कित्येक महिन्यांत तो स्वतःहून असं काही बोलला नव्हता. आई भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. मी घाईघाईनं टेबलावर चादर पसरली. नवी पेस्ट मागवून घेतली.

डाव्या हातानं स्क्रू काढायला त्याला फार वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला की तो मान हलवायचा. चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक निघाला. तो आणि चिप यांच्यामधली पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. ती त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. आरशासारखी चिप चमकली तेव्हा तो हसला. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

मग त्यानं ट्यूब उजव्या हातात घेतली. तो म्हणायचा, पेस्ट लावायची ती याच हातानं, पातळ, सारखी. बोटं थरथरली, ट्यूब एकदम दाबली गेली आणि राखाडी गोळा चिपवरून खाली बोर्डावर पसरला. आम्ही पुसलं. त्यानं पुन्हा घेतली. पुन्हा तेच झालं.

"दादा, मले दे. तू सांग, मी लावते."

तो ट्यूबकडे बघत राहिला, मग त्यानं ती माझ्या हातात दिली. "कोपरे सोडू नको," एवढंच म्हणाला.

कार्ड बसवून कॉम्प्युटर सुरू केला. चित्र बनवायला लावलं. आकडा सत्तरवर गेला आणि तिथेच थांबला. पंखे शांत होते. आईनं विचारलं, "झालं का गा?" दादानं मान डोलावली. आम्ही तिघंही त्या आकड्याकडे पाहत बसलो. आई चहा ठेवायला उठली.

चहा यायच्या आत स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी रेघा आल्या. आकडा तेव्हाही सत्तरच दाखवत होता. मग सगळं काळं झालं. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिलं. रेघाच येत होत्या.

"चिप गेली वं," दादा म्हणाला.

"आधीच गेली असन. एवढी तापून तापून."

"माझ्या हातानं गेली."

मी त्याला परोपरीनं सांगितलं. पेस्टनं चिप मरत नसते, हे त्यानंच मला एकदा समजावलं होतं. पण तो ऐकत नव्हता. चहाचा कप तसाच ठेवून पलंगावर गेला आणि भिंतीकडे वळला.

हातातलं काम वेळेत झालं नाही. बिल्डरनं ते दुसऱ्याला दिलं, नंतरचंही दिलं. मी आता एका ऑफिसात टायपिंग करते.

हाताच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी दादाला एक रबरी चेंडू दिला होता. त्या दुपारनंतर त्यानं तो हातात घेतलेला नाही. आई रोज सकाळी चेंडू त्याच्या उशाशी ठेवते. संध्याकाळी मी घरी येते तेव्हा चेंडू पलंगाखाली पडलेला असतो. मी उचलून फळीवर ठेवते.