संघमित्रा स्क्रू पिळत नाही

आमच्या पंतनगरात संघमित्राचं नाव निघालं की लोकांचा आवाज गोड होतो. माझा होत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही चांगलं लिहिलं तर ते नाइलाजाने लिहिलंय हे लक्षात राहील.

ती आमच्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते. वय चोवीस. वडील धम्मपाल हॉस्पिटलात एक्स-रे काढतात. मूळचे बुलढाण्याकडचे, अत्यंत सज्जन माणूस. त्यांच्याविरुद्ध बोलायला मला आजवर काही सापडलेलं नाही. ती स्वतः एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी सहालाच स्कूटर काढते. हात इतका हलका की माझी बायको रत्नप्रभा शुगर तपासायला दुसऱ्या कोणासमोर हात पुढे करत नाही. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. रक्त काढ बाई, खुशाल काढ. पण ती लोकांना कॉम्प्युटरचे पार्टसुद्धा निवडून देते, आणि तिथे माझं पोट दुखायला लागतं.

कारण कॉम्प्युटर हे माझं राज्य होतं. नव्व्याण्णव ते दोन हजार अकरा, ही बारा वर्षं घाटकोपर पूर्वेला कोणाला कॉम्प्युटर घ्यायचा असला की तो विद्याधरकडे यायचा. मी लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणायचो, लोकांच्या घरी जाऊन जोडायचो. तीनशेच्या वर जोडले. माझा नियम एकच: मी काम करत असताना कोणी हात लावायचा नाही. घरची माणसं दोन हात लांब उभी राहून बघायची, आणि पडद्यावर उजेड आला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. पुढे महिना-दोन महिन्यांनी जिन्यावरून हाक यायची, "विद्याधर, अरे चालू होत नाय बघ!" मी ताटावरून उठून जायचो. रत्नप्रभा चिडायची. मला मात्र त्या हाकेवाचून जेवण गोड लागत नसे.

मग लॅपटॉप आले, मोबाइल आले आणि हाका बंद झाल्या. मी अंधेरीला एमआयडीसीत एका कंपनीत चिकटलो. तिथे लॅपटॉप बिघडला की मी एक फॉर्म भरतो आणि लॅपटॉप दुरुस्तीला कुरियरने पाठवून देतो. मी फॉर्म भरणारा माणूस झालोय हे घरी कोणाला फारसं माहीत नाही.

आणि गंमत बघा. गेल्या काही वर्षांत पोरांना गेम खेळायला पुन्हा असेंबल केलेला कॉम्प्युटर लागायला लागला. तेच मदरबोर्ड, तेच रॅम, तोच कॅबिनेट. माझे दिवस परत आले! फक्त ते माझ्या दारात न येता समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गेले. तिने आठ पोरांना कॉम्प्युटर करून दिले. करून दिले म्हणणंही चूक आहे, ते पुढे येईलच.

माझा मुलगा निहार एकवीस वर्षांचा आहे. अंधेरीतच एका स्टुडिओत व्हिडिओ एडिटिंग शिकतो, थोडा पगार मिळतो. त्याने स्वतःच्या पगारातून पंचावन्न हजार जमवले आणि गेमिंगचा पहिला कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. मी वाट बघत होतो. स्क्रू ड्रायव्हरचा संच माळ्यावरून काढून पुसून ठेवला होता. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "बाबा, उद्या संघमित्राताई बघायला येतेय."

"काय बघायला?"

"टेबल. कॉम्प्युटर कुठे ठेवणार ते."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. मी पोळीचा तुकडा तसाच ताटात ठेवला आणि बातम्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी ती आली. हातात रक्ताच्या बाटल्यांची ती निळी बॅग. मला वाटलं होतं, आल्या आल्या प्रोसेसरची नावं फेकेल. तिने खुर्चीवर बसून निहारला विचारलं, "काय खेळणार?" त्याने तीन गेमची नावं सांगितली. "कोणाबरोबर?" स्टुडिओतल्या मित्रांबरोबर. "मॉनिटर केवढा?" साधा, फुल एचडी. मग तिने मेजरिंग टेपने टेबल मोजलं, खिडकीतून दुपारी ऊन येतं का विचारलं, आणि बॅगेतून एक होल्डरचा बल्ब काढला, दोन वायरी लोंबणारा. एक वायर तिने प्लगच्या फेजमध्ये घातली, दुसरी वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात. बल्ब लागला नाही.

"काका, इथे अर्थिंग नाहीये."

ज्या माणसाने बारा वर्षं अख्ख्या घाटकोपरला अर्थिंगवर प्रवचनं दिली त्याच्याच घरात अर्थिंग नाही! रत्नप्रभा हसू दाबायला आत गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इलेक्ट्रिशियनला मीच फोन लावला, हे सांगण्याचीही सोय नव्हती, कारण नंबर तिने दिला.

तिने दिलेली यादी एका पानाची होती. निहारला काचेचा, सात रंगांचे दिवे लागणारा कॅबिनेट हवा होता. तिने पुढे जाळी असलेला काळा साधा लिहिला होता. "दिव्यांनी गेम पळत नाही रे," ती म्हणाली. "हवा खेळायला पाहिजे." जवळजवळ निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डावर. प्रोसेसर मधला, कारण मोठा घेऊन तो नुसता बसून राहणार. रॅम सोळाची एक पट्टी न घेता आठच्या दोन. पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा, कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा अजिबात नाही.

मी ती यादी ऑफिसात नेली आणि दोन दिवस तिच्यात चूक शोधली. कामधंदा सोडून शोधली. शेवटी सापडली! मदरबोर्डला वायफाय नव्हतं. संध्याकाळी मी तिला फाटकातच गाठलं.

"वायफाय विसरलीस वाटतं?"

"नाही काका. राऊटर निहारच्या टेबलाच्या डोक्यावरच आहे ना? दोन फुटांची वायर लावली की झालं. ते पैसे ग्राफिक्सला गेले."

राऊटर मीच तिथे लावला होता. माझ्या घरात मला दिसलं नाही ते तिला एका भेटीत दिसलं. मी "हं" म्हणालो आणि भाजी आणायची नसताना भाजी आणायला गेलो. त्यात पुन्हा तिने मागून हाक मारून सांगितलं, "रविवारी अकराला जोडायला बसू. तुम्ही पण या ना!" माझ्याच घरी या म्हणे.

तिची एक पद्धत आहे, ती इथे सांगायला हवी. ती जोडायला बसते, पण हात लावत नाही. एक स्क्रूसुद्धा पिळत नाही. ज्याचा कॉम्प्युटर त्याने जोडायचा, ती बाजूला बसून चहा पिणार. मी एकदा खवचटपणे विचारलं होतं, का गं, येत नाही का? तर म्हणाली, "मी हात लावला की तो माझा होतो, काका. मग दर आठवड्याला मला हाक मारत बसतात. स्वतः जोडला की स्वतः उघडतात." मला त्या उत्तराचा इतका राग आला की मी घरी येऊन विनाकारण रत्नप्रभावर ओरडलो. हाक येऊ नये म्हणून धडपडणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

शनिवारी दुपारी सगळे खोके घरी आले. रत्नप्रभाने त्यांना हळदकुंकू लावून टेबलावर रचून ठेवलं. निहार स्टुडिओत होता. मी हाफ डे टाकून घरी आलो होतो, कशासाठी ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. खोक्यांसमोर थोडा वेळ बसलो. हात शिवशिवायला लागले. आपण फक्त बघू या, असं म्हणून पहिला खोका उघडला.

पन्नास मिनिटांत कॉम्प्युटर उभा केला. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. बोटांना सगळं आठवत होतं. वायरी अशा बांधल्या की मागून बघितलं तरी दृष्ट लागावी. बटण दाबलं, पडदा उजळला. ड्रॉवरच्या तळाशी माझ्या जुन्या स्टिकरचं एक पान सापडलं, 'विद्याधर कॉम्प्युटर्स, घाटकोपर', तेही मी कॅबिनेटवर चिकटवलं. येऊ दे म्हटलं तिला उद्या अकराला. चहा पिऊन जाईल.

रत्नप्रभा दारात उभी होती. ती कणकवलीची, संतापली की मालवणीवर येते. "तेचा होता ता," ती म्हणाली. "तुमी कित्याक हात लावलात?"

"अगं, त्याचंच काम सोपं केलं."

ती पाठ फिरवून आत गेली.

निहार सात वाजता आला. टेबलाकडे बघितलं. मी तीनशे घरांत जो चेहरा बघितला होता त्याची वाट बघत होतो.

"तू लावलास?"

"मग! झकास चालतोय. लावून बघ."

"चालतोय ना? मग झालं," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. त्या रात्री त्याने कॉम्प्युटर चालूही केला नाही. मी मनात म्हटलं, दमला असेल. पण मला माहीत होतं.

रविवारी अकराला संघमित्रा आली. खरं सांगायचं तर तिचा चेहरा पडलेला बघायला मी दाढी करून बसलो होतो. ती वाकली, कॅबिनेटच्या मागे डोकावली आणि म्हणाली, "काय सुंदर वायरी बांधल्यात काका! मला नसत्या जमल्या." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी नीट तपासून बघितलं. तिला माझा जराही हेवा वाटला नव्हता, आणि तिच्यावर मी जळत होतो ते किती एकट्याने, हे मला तेव्हा कळलं. फार अपमान वाटला.

निहार उठला. माझा स्क्रू ड्रायव्हर उचलून त्याने कॅबिनेटचं झाकण उघडलं.

"काय करतोस?"

"सगळा काढतोय, बाबा. परत जोडणार."

"अरे, पण चालू आहे तो!"

"चालू आहे. माझा नाहीये," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "मी लहानपणापासून बघतोय तुला. एक स्क्रू तरी दिलास का रे कधी पिळायला?"

मी संघमित्राकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. निदान तेवढी माणुसकी तिने दाखवली.

त्याने एकेक पार्ट काढून टेबलावर मांडला. प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर लावलेली जुनी पेस्ट पुसायची वेळ आली तेव्हा तिने निळ्या बॅगेतून रक्त काढण्यापूर्वी दंडाला लावतात तो स्पिरिटचा कापूस काढून त्याच्या हातात दिला, नव्या पेस्टची ट्यूब दिली, पुसलं मात्र त्यानेच. मी दारात उभा होतो. त्याच्या हातातून स्क्रू पडत होते, मदरबोर्ड एकदा उलटा धरला, पंख्याची क्लिप बसेना. मी पन्नास मिनिटांत केलेल्या कामाला त्याने तीन तास लावले.

शेवटी बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच राहिला.

मला एका नजरेत दिसलं. वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची वायर त्याने लावलीच नव्हती. मी तोंड उघडलं, आणि संघमित्राने माझ्याकडे बघितलं. तिलाही दिसलं होतं. तिने मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून.

मी तोंड मिटलं. वीस मिनिटं तो रॅम काढत होता, घालत होता, ग्राफिक्स कार्ड दाबत होता, कपाळावरचा घाम पुसत होता. मी चौकट धरून उभा होतो. मुलगा दोन हातांवर चुकतोय, उत्तर माझ्या जिभेवर आहे आणि मी गप्प आहे! ती मात्र आरामात चहा पीत होती. वीस मिनिटं! मला एवढं कठीण काम आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

मग निहार एकदम थांबला. कोपऱ्यात बोट घातलं. "अरे यार, ही राहिलीच की!" टक् करून वायर बसली, बटण दाबलं आणि पडदा उजळला. तो जागच्या जागी उडी मारून ओरडला, "आई, ये इकडे! लागला, लागला!" रत्नप्रभा पिठाच्या हातांनी धावत आली. लगेच त्याने फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. 'माझा पहिला पीसी. मी स्वतः जोडला.' मी खाली वाचत गेलो. माझं नाव नव्हतं. तिचंही नव्हतं.

"बिघडला तर कोणाला हाक मारशील?" मी विचारलं. राहवलं नाही.

"कोणाला कशाला?" पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला.

मी वळलो तेव्हा संघमित्रा दाराशी चपला घालत होती. कप स्वतःच मोरीत ठेवून आली होती. आत मायलेकांचा आरडाओरडा चालू होता, तिला कोणी थांबवलं नाही, ती जातेय हेही त्यांना कळलं नाही. तिचा चेहरा मी नीट बघितला. ती खूश होती. बॅग खांद्याला लावून, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत ती जिना उतरून गेली. तीनशे घरांतून मी बाहेर पडलो, पण असा एकदाही नाही.