दर दहा मिनिटांनी ऑल ओके

पहारेकरी नेमायचा आणि त्याने आरशात बघून ‘माणूस जागेवर आहे’ असं कळवायचं, असला कारभार मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावच्या एका दूधसंस्थेत चालवला. तोही पगार घेऊन.

संस्थेत नवा सर्व्हर आला होता. गावोगावच्या दुधाचे आकडे भरले की त्यातला एक प्रोग्राम मागच्या मागे टँकरच्या चिठ्ठ्या काढी. चिठ्ठीशिवाय टँकर फाटकाबाहेर पडत नसे. हा प्रोग्राम अधूनमधून न सांगता बंद पडे, म्हणून मी दर दहा मिनिटांनी आपोआप होणारी तपासणी लावली. चालू कामांच्या यादीत त्याचं नाव शोधायचं. सापडलं तर पडद्यावर ‘ऑल ओके’, नाहीतर त्याला पुन्हा सुरू करायचं. मॅनेजर इतके खूश, की पाहुण्यांना चहाच्या आधी पडदा दाखवीत. दूध कुणी दाखवत नसे.

मे महिन्यातली सकाळ. उन्हं तापली तरी बोदवडहून दूध आणायला जाणारा टँकर फाटकातच उभा. त्याचा धुळ्याकडचा ड्रायव्हर खिडकीशी आला.

“भाऊ, तुमना डबा म्हणस ऑल ओके शे. मंग मनी चिठ्ठी कोठे शे?”

“निघेल. मशीन लक्ष ठेवून आहे,” मी तोऱ्यात म्हणालो.

“मशीन ठेवस लक्ष, नि तिकडे दूध नासस!”

तरी खुर्ची सोडायला मला तास लागला. सर्व्हरपाशी जाऊन बघतो, तर प्रोग्राम पहाटेच मेला होता. शोधणाऱ्या आज्ञेतच त्याचं नाव लिहिलेलं, आणि ती आज्ञासुद्धा चालू कामच की! म्हणजे यादीत तिला दर वेळी स्वतःचीच ओळ सापडे आणि ती खुशाल ‘ऑल ओके’ कळवी. धन्य ती माझी पदवी!

चिठ्ठ्या हाताने खरडल्या. टँकर पोचला तेव्हा बोदवडचं दूध फाटलेलं होतं. मॅनेजरांनी खापर सर्व्हरवर फोडलं. मीही गंभीरपणे मान डोलावली. नंतर गुपचूप तपासणी बदलली: नाव राहू दे, शेवटची चिठ्ठी कधी निघाली ते बघ.

संध्याकाळी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिने भाकरी तव्यावर टाकली.

“यात नवीन काय? घरात शिरताना ‘काय, सगळं ठीक ना?’ विचारता, आणि मी तोंड उघडायच्या आत ‘छान, छान’ म्हणून पेपर उघडता.”